बर्फावरची पहिली घसरण

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही झुरिकला राहतो. मुलगी पाच वर्षांची आहे. आम्हा दोघांनाही स्कीइंग येत नाही. तिला कसं शिकवावं? की थेट स्नोबोर्डच द्यावा?

उत्तर : तुम्हाला येत नाही म्हणून अडणार नाही, तिला स्की-शाळेत घाला. स्वित्झर्लंडमध्ये लहानग्यांची सुरुवात 'किड्स व्हिलेज'मध्ये स्नोली नावाच्या शुभंकर सशासोबत खेळत होते. पुढे निळा, लाल, काळा असे टप्पे आणि प्रत्येकात प्रिन्स, किंग, स्टार या पायऱ्या असतात.

आधी थांबायला शिकू द्या. स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा बाहेर ढकलल्या, की वेग मंदावतो. मुलांना हा आकार 'पिझ्झा' म्हणून पटकन कळतो. तो जमल्याशिवाय मोठ्या उताराची घाई नको.

या वयात स्कीच बरी, कारण दोन्ही पाय सुटे राहतात. स्नोबोर्डवर ते एकाच फळीला जखडलेले असतात. तो ती सात-आठ वर्षांची झाल्यावर बघा.

हेल्मेट हवंच. बूट मात्र वाढत्या मापाचे नकोत, भाड्याने नेमक्या मापाचे घ्या. ती गारठली किंवा कंटाळली, तर लगेच थांबा. पायरी कधीही चढता येईल. तिची हौस टिकली पाहिजे.