घर सजवावे, ऐब लपवू नये

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्यावर धूळ असेल तर गिऱ्हाईक हात लावत नाही, हे आम्ही रोज पाहतो. घर विकतानाही तसेच होते.

घर दाखवण्यापूर्वी जादा सामान हलवावे. मोकळी जमीन दिसली की खोली मोठी वाटते. जाड पडदे काढावेत, गेलेले बल्ब बदलावेत, गळका नळ दुरुस्त करावा. स्वयंपाकघर व मोरी घासून घ्यावी. घर दिवसाउजेडी दाखवावे. कापडाचा खरा रंगही उजेडातच कळतो.

मात्र सजावट वेगळी आणि फसवणूक वेगळी. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग मारला तर पुढे पोपडे निघतात. आधी गळती बंद करावी, भिंत वाळू द्यावी, मगच रंग द्यावा. ते जमत नसेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून भाव ठरवावा.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. शरियतचाही हाच हुकूम आहे. सांगितलेल्या ऐबाने भाव थोडा उतरतो; लपवलेल्या ऐबाने सौदा आणि नाव दोन्ही जातात.