सर्पदंशाचे शिक्षण : डॉक्टरांचा वर्ग कसा भरवावा

मिरग तोंडावर आला की खानापूर भागातील शेतकऱ्याला बियाण्याइतकीच सापाची काळजी लागते. म्हणून आम्ही भागातील डॉक्टरांसाठी सर्पदंशावर एक शिक्षणवर्ग घेतला. तो फसला. शहरातून तज्ज्ञ आले, दोन तास भाषण झाले, चहा-फराळ झाला. त्याच भादव्यात जमिनीवर झोपलेल्या एका गड्याला मण्यार चावली. दाताची खूण नाही, सूज नाही; पहाटे नुसती पोटात कळ. वर्गाला येऊन गेलेल्या एका डॉक्टरांनी पित्ताची गोळी देऊन त्याला घरी पाठविले. दुपारी पापण्या उघडेनात तेव्हा धावपळ झाली, पण तो वाचला नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही एकट्याने काही ठरविले नाही. सरकारी दवाखान्याचे वैद्यकीय अधिकारी, खाजगी डॉक्टरांचा एक प्रतिनिधी, मोठ्या रुग्णालयातील फिजिशियन आणि रात्रपाळीची एक नर्स यांच्याबरोबर बसून कामे वाटून घेतली. शिकवायचे ते केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेप्रमाणेच, हे आधी मान्य करून घेतले. यावर वाद झालाच. लस देण्याआधी थोडी टोचून पाहावी असा काही जुन्या डॉक्टरांचा आग्रह होता; मार्गदर्शिका तसे करू नये म्हणते. भर वर्गात डॉक्टरांनी आपसांत भांडण्यापेक्षा हा वाद आधी मिटला हे बरे झाले.

भाषण अर्ध्या तासावर आणले आणि उरलेला वेळ हाताने करण्याला दिला. रक्ताची वीस मिनिटांची चाचणी पाहा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यावयाचे, वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे, मग नळी कलती करावयाची. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष समजावे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चांगले रक्तही गोठत नाही. हे नर्सबाईंनी सर्वांसमोर करून दाखविले, आणि आपल्या दवाखान्यात काचेची नळीच नाही असे तीन डॉक्टरांनी तेथेच कबूल केले! नाग-मण्यारीच्या दंशात मात्र ही चाचणी चांगली येऊ शकते. तेथे पापण्या आणि श्वास पाहावा. विष चढल्याची लक्षणे दिसली तर सुरुवातीला लसीच्या दहा कुप्या. लहान मुलालाही तितक्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही. घाटातील चापड्यावर ही लस चालत नाही, हेही सांगावे लागले.

कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळविणे बंधनकारक आहे. त्या नोंदी घेऊन आम्ही महिन्यातून एकदा बसतो. कोणाचे नाव घ्यावयाचे नाही, रुग्ण किती वाजता आला आणि लस किती वाजता लागली एवढेच बोलावयाचे. रोग्याचे नातेवाईक मराठी बोलतात, पुष्कळ नर्सबाई कानडी. म्हणून विचारावयाचे आठ प्रश्न दोन्ही भाषांत एका कागदावर लिहून भिंतीला लावले आहेत. कुप्या आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा पाहण्याचे काम पावसापूर्वी नर्सबाईंकडेच असते.