शालेय आरोग्य-तपासणी आणि घरची साथ

मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. उरलेला वेळ ते घरी व वस्तीत घालविते. म्हणून शाळेत आढळून आलेला दोष घराच्या सहकार्यावाचून दूर होत नाही. तपासणी हा शालेय आरोग्यसेवेचा आरंभ होय, शेवट नव्हे.

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरती पथके शाळांत व अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. तथापि, पथक निघून गेल्यावर खरे काम सुरू होते.

हैदराबादचा सुलतान बाजार या दृष्टीने बोधप्रद आहे. १९३३ पर्यंत हा भाग रेसिडेन्सी बाजार म्हणून ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. येथे व आसपास मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली. जवळच १९०७ साली विवेकवर्धिनी ही शाळा स्थापन झाली. शेजारी तेलुगू, उर्दू व हिंदी बोलणारी घरे आहेत. अशा वस्तीत एकाच भाषेतील चिठ्ठी प्रत्येक घरी वाचली जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

रक्तक्षयाचेच उदाहरण घ्यावे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी व दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा दिली जाते. ती घेतल्यावर शौचाचा रंग काळसर होतो, क्वचित मळमळते. आईला हे आधी सांगितलेले नसेल, तर ती घाबरून गोळी बंद करविते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोह अंगी कमी लागते. लिंबू किंवा आवळा असल्यास अधिक लागते. ही गोष्ट स्वयंपाकघरात पोहोचली तरच गोळीचा पुरता उपयोग होतो.

यासाठी पुढील क्रम पाळणे हितावह ठरेल :

१. तपासणीचा दिवस पालकांस आधी कळवावा.

२. निष्कर्ष घरच्या भाषेत लिहून द्यावा. वाचता येत नसल्यास शिक्षकाने किंवा आशा कार्यकर्तीने तो समजावून सांगावा. मुलाचा दोष वर्गात चारचौघांत उच्चारू नये.

३. मुलाला कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी न्यावयाचे ते स्पष्ट लिहावे. पालकांची रोजी बुडणार नाही अशी वेळ पाहावी.

४. महिन्याने वर्गशिक्षकाने नोंदवही उघडून पाहावी : चष्मा मिळाला काय? दात दाखविले काय? गोळ्या चालू आहेत काय?

दप्तरात राहिलेली चिठ्ठी कोणाचाही आजार बरा करीत नाही. ती घरी वाचली जाणे आणि तिच्यावर कृती होणे, हीच या कार्यक्रमाची खरी कसोटी आहे.