वंशावळीतील स्थळाची नोंद : भिसेगावच्या निमित्ताने काही कटू निरीक्षणे

वंशावळ जुळवण्याच्या संगणक-प्रणालींत व्यक्ती, कुटुंब आणि घटना या नोंदींकडे संकलक जितके लक्ष देतात, तितके स्थळाच्या नोंदीकडे देत नाहीत, आणि एखाद्या गावाशी निगडित सर्व घटना एकत्र पाहण्याची वेळ येते तेव्हाच या हेळसांडीची किंमत कळते. येथे घटना म्हणजे जन्म, विवाह, मृत्यू, वास्तव्य, शिक्षण, नोकरी असे जे जे तारीख व ठिकाण यांसह नोंदवता येते ते, आणि स्थळ म्हणजे ती घटना जिथे घडली ते ठिकाण. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या भिसेगावच्या एका घराण्याची कित्येक वर्षे जमवलेली वंशावळ स्थळांच्या बाबतीत कशी विस्कटली, ती विस्कटण्याला संकलकाचे अज्ञान किती आणि पैसे घेऊन काम करणाऱ्याची बेफिकिरी किती कारणीभूत होती, आणि इतरांनी त्यातून काय टाळावे, याचा विचार पुढे केला आहे.

गावावरून शोध घेण्याची गरज काय, असा प्रश्न नातेवाईकच आधी विचारतात. आपल्याकडची वंशावळ पुरुषांच्या शाखेने चालते आणि मुलगी सासरी गेली की तिच्या नावापाशी रेघ थांबते. परंतु पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे तिच्या थोरल्या अपत्याचा जन्म पुष्कळदा माहेरच्याच गावी झालेला असतो, आणि तिचा विवाहही त्याच गावात लागलेला असतो. शाखेने शोधले तर ही माणसे दिसत नाहीत, गावाने शोधले तर सगळी एका यादीत येतात. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थोपाध्याय हे पूर्वीपासून जाणतात. यजमान आला की ते आधी गाव आणि आडनाव विचारतात, कारण त्यांच्या वह्यांतील नामावळी त्याच आधाराने सापडते. संगणकाने ही सोय कितीतरी वाढवून द्यायला हवी, आणि तो ती देतोही, मात्र स्थळाची नोंद स्वतंत्र आणि शुद्ध असेल तरच.

प्रणालींत स्थळ ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत स्थळ म्हणजे घटनेला चिकटवलेली नुसती अक्षरे असतात. एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेण्यासाठी जगभर वापरला जाणारा जेडकॉम हा साचा, जो अमेरिकेतील मॉर्मन पंथीय चर्चने १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला, तो मुळात याच पद्धतीचा आहे. त्यात गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी लहानाकडून मोठ्याकडे जाणारी नावे स्वल्पविरामांनी तोडून एका ओळीत लिहिली जातात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक स्थळ ही स्वतंत्र नोंद असते, तिला पर्यायी नावे जोडता येतात, ती कोणत्या मोठ्या स्थळात मोडते हे कालमर्यादेसह सांगता येते, आणि घटना त्या नोंदीकडे केवळ बोट दाखवते. २००१ मध्ये सुरू झालेली ग्रॅम्प्स ही मुक्त प्रणाली आज या दुसऱ्या पद्धतीने चालते. पहिल्या पद्धतीत ‘भिसेगाव’ आणि ‘मौजे भिसेगाव’ ही दोन वेगळी ठिकाणे ठरतात, दुसऱ्या पद्धतीत ती एकाच स्थळाची दोन नावे म्हणून नांदू शकतात.

भिसेगावसारख्या गावाला हा फरक किती लागू पडतो हे त्याच्या कागदपत्रांवरून ध्यानात येते. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि कुलाब्याचे रायगड हे नामांतर १ जानेवारी १९८१ रोजी झाले. राज्याचे नाव १ मे १९६० पूर्वी मुंबई होते. शेजारचा खालापूर हा पूर्वी कर्जतचा पेटा, म्हणजे महालकऱ्याच्या हाताखालचा दुय्यम विभाग होता, त्यामुळे आज खालापूर तालुक्यात असलेल्या गावांतील घटना जुन्या कागदांत कर्जतच्या नावावर निघतात. भिसेगाव स्वतः कर्जत रेल्वे स्थानकाला लागून आहे आणि आज कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते, म्हणून अलीकडच्या पिढीच्या दाखल्यांवर बहुधा नुसते ‘कर्जत’ लिहिलेले असते. त्यातच मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळला जात नसल्यामुळे लिप्यंतर करणारा एकदा ‘भिसेगाव’ तर एकदा ‘भीसेगाव’ लिहितो. कोणतीही नोंद खोटी नसते, तरीही शोध घेणाऱ्या यंत्राला ही चार-पाच निरनिराळी गावे वाटतात.

प्रस्तुत संकलकाने ही सारी रूपे मूळ कागदाबरहुकूम जपली होती. माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेण्याचे काम शुल्क घेऊन अशी कामे करणाऱ्या एका गृहस्थांकडे सोपवताना त्याने लेखी कळवले होते की स्थळांची नावे बदलू नयेत, संशय आल्यास विचारावे. विचारणा एकदाही झाली नाही. काम परत आले तेव्हा स्थळांची यादी मोठी सुटसुटीत दिसत होती, आणि त्या सुटसुटीतपणाचे संकलकाला त्या वेळी समाधानच वाटले होते, ही गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे.

उलगडा झाला तो कुलवृत्तांतातील भिसेगावचे प्रकरण लिहायला घेतल्यावर. त्या गावी घडलेल्या सर्व घटनांची यादी मागितली असता बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी आल्या, आणि ज्या विवाहाची निमंत्रणपत्रिका घराच्या कपाटात आजही आहे, मांडव भिसेगावात पडल्याचे जिच्यात छापलेले आहे, तो विवाहच यादीत नव्हता. वधूच्या नावावरून तो शोधला तेव्हा स्थळ नुसते ‘कर्जत’ निघाले, आणि नकाशा उघडला तेव्हा खूण घाटमाथ्याच्या पलीकडे, भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या प्रदेशात उमटलेली दिसली. ते कर्जत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, राशीनच्या देवीचा तालुका म्हणून लोकांना ठाऊक असलेले कर्जत होते. एकामागून एक नोंद उघडत गेल्यावर दिसले की उल्हास नदीच्या काठी जन्मलेली, त्याच काठी अग्नी दिलेली माणसे अशीच कोसभर नव्हे तर जिल्हेच्या जिल्हे ओलांडून नेऊन ठेवली होती. नाव अर्धे टंकताच प्रणाली जी सूचना पुढे करते ती न वाचता स्वीकारली गेली होती. भिसेगावची सर्व रूपे ‘दुबार’ ठरवून कर्जतमध्ये विलीन केली गेली होती. आणि जिथे जिल्हा शाबूत राहिला होता, तिथे ठाणे व कुलाबा खोडून सर्वत्र रायगड केले गेले होते.

या कामाचा जाब विचारला असता मिळालेले उत्तर अधिक क्लेशदायक होते. भिसेगाव हा आता कर्जतचाच भाग आहे, जुनी नावे ठेवून उपयोग नाही, आणि यादी नीटनेटकी करणे हेच कामाचे स्वरूप होते, असे त्यांचे म्हणणे पडले. १८८५ सालच्या घटनेला रायगड जिल्हा लावणे ही नीटनेटकी नोंद नव्हे, ती चुकीची नोंद आहे. आणि विलीनीकरण ही क्रिया अशी आहे की एकदा ती करून फाइल बंद केली की कोणती घटना कोणत्या रूपाखाली होती हे प्रणाली पुन्हा सांगू शकत नाही. मूळ फाइलची प्रत संकलकाने स्वतंत्र डिस्कवर ठेवली होती एवढ्याच कारणाने बहुतेक माहिती वाचली. त्यानंतर घातलेल्या नोंदी मात्र एकेक कागद पुढ्यात घेऊन ताडून पाहाव्या लागल्या, शुल्काचा परतावा मिळाला नाही, आणि दिलगिरीचा शब्दही आला नाही.

असे काम हाती घेणाऱ्यांनी प्रथम हे ठरवावे की विलीन करायचे ते एकाच गावाच्या लेखनभेदांना, दोन गावांना नव्हे. कर्जत तालुक्यातच दहिवली तर्फे नीड आणि दहिवली तर्फे वरेडी अशी दोन गावे आहेत. तर्फ म्हणजे तालुक्याखालचा जुना महसुली विभाग, आणि तो शब्द शेपटासारखा दिसला तरी गावाची ओळख त्याच्यातच आहे, तेव्हा तो छाटू नये आणि त्याच्या आधी स्वल्पविरामही देऊ नये. गाव कोणत्या जिल्ह्यात मोडत होते हे कालमर्यादेसह भरावे, म्हणजे जुन्या घटनेपुढे आपोआप जुना जिल्हा दिसतो आणि शोध मात्र एकच राहतो. जेडकॉममधून माहिती नेताना या कालमर्यादा आणि पर्यायी नावे गळून पडतात, म्हणून प्रणालीच्या स्वतःच्या साच्यातील प्रत आधी काढून ठेवावी.

यादी पूर्ण आली असे समजण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ग्रॅम्प्समध्ये स्थळाच्या नोंदीखाली तिचे संदर्भ दिसतात, पण ते केवळ त्या नोंदीकडे थेट बोट दाखवणाऱ्या घटनांचे असतात; गावातली एखादी वाडी, आळी किंवा घर वेगळे स्थळ म्हणून नोंदवले असेल, तर तिथल्या घटना गावाच्या संदर्भांत येत नाहीत. त्यासाठी आधी भिसेगाव आणि त्यात मोडणारी सर्व स्थळे निवडणारी चाळणी तयार करून, मग त्या चाळणीतील स्थळांच्या घटना मागणारी दुसरी चाळणी बांधावी लागते. शिवाय विवाहाची घटना व्यक्तीला नव्हे तर कुटुंबाच्या नोंदीला जोडलेली असते, त्यामुळे व्यक्तींच्या घटनांपुरता शोध घेतला तर गावातील सगळी लग्ने निसटू शकतात. टिपेत लिहिलेले गाव तर कोणत्याच स्थळ-शोधात येत नाही.

कागदाचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी, कारण प्रणाली अचूक असली तरी तिच्यात घातलेले स्थळ चुकीचे असू शकते. वारस नोंदीचा फेरफार भिसेगावचा असतो तो जमीन तिथे आहे म्हणून. ज्याचे वारस लागले तो मुंबईतल्या चाळीत वारलेला असू शकतो, आणि फेरफाराची तारीख मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही पडते. ती स्वतंत्र घटना म्हणून नोंदवावी, मृत्यू म्हणून नोंदवू नये. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद घटना जिथे घडली तिथे होते, त्यामुळे भिसेगावच्या घरातले मूल कल्याणच्या इस्पितळात जन्मले तर त्याचा दाखला कल्याणचाच असतो. गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना क्रमांक १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, माहेरवाशिणींची बाळे सापडतात आणि त्यांची आडनावे परकी वाटतात म्हणून ती वगळू नयेत.

हा निव्वळ हौशी लोकांचा प्रश्न राहिलेला नाही. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत त्या त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या मानीव दिनांकाचे वास्तव्य पाहिले जाते. अनुसूचित जमातींसाठी तो ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. या दोन्ही दिवशी भिसेगाव कुलाबा जिल्ह्यात होते. वंशावळीच्या छापील तक्त्यात त्या काळच्या घटनांपुढे अहमदनगर किंवा रायगड आले, तर प्रामाणिक कुटुंबालाही खुलासे देत बसावे लागते.

प्रस्तुत वंशावळीत आता भिसेगावच्या यादीत तीन लेकींची सासरच्या आडनावाची मुले परत आली आहेत, ज्यांची नावे घरातल्या कोणत्याही वंशवृक्षात नव्हती. ज्या नोंदींचा मूळ कागद सापडला नाही आणि ज्यांच्यापुढे केवळ ‘कर्जत’ उरले आहे, त्या कोणत्याही गावात न ढकलता ‘कर्जत, जिल्हा अनिश्चित’ या वेगळ्या स्थळाखाली ठेवल्या आहेत.