राजाचे मेज आणि कारागिराचे नाव

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• फ्रान्समधील लेखन-मेजाच्या कलेची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• फ्रेंच आणि भारतीय कारागिरांच्या स्थितीची तुलना करू शकाल.

मूळ पाठ

मराठी वाड्यांतील कारकून बैठकीवर मांडी घालून लिहीत असे. त्याच्यासमोर उतरत्या झाकणाची बुटकी पेटी असे आणि तिच्या पोटात दौत, बोरू व कागद राहत. युरोपात लोक खुर्चीवर बसून लिहीत. म्हणून तेथील मेज उंच झाले. फ्रेंच ‘ब्यूरो’ हा शब्द मुळात मेजावर अंथरायच्या जाड लोकरी कापडाशी निगडित होता. कापडावरून तो मेजाला, मेजावरून खोलीला आणि खोलीवरून कचेरीला लागला.

अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये लाकूडकामाचे दोन वर्ग होते. भरीव लाकडाच्या खुर्च्या व पलंग घडवणारा तो ‘मेन्युझिए’. आबनूस या मूल्यवान लाकडाच्या फ्रेंच नावावरून ज्याला नाव मिळाले, तो ‘एबेनिस्त’. एबेनिस्त साध्या लाकडाच्या सांगाड्यावर दुर्मीळ लाकडांचे पातळ पापुद्रे सरसाने चिकटवी. वेगवेगळ्या रंगांचे पापुद्रे कापून तो त्यांतून फुले, वेली आणि चित्रे साकारी. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याने पितळ व कासवाची पाठ यांच्या जडावकामाने ही कला कळसाला नेली. पुढे १७५१ पासून पॅरिसच्या सुतारसंघाने प्रत्येक उस्तादाला आपल्या कामावर नावाची मुद्रा उमटवणे बंधनकारक केले. काम खोटे निघाले तर दोष कोणाचा, हे त्या मुद्रेवरून कळे. आणि काम उत्तम असले तर कीर्ती कोणाची, हेही कळे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध मेज पंधराव्या लुई राजासाठी घडले. झाँ-फ्रान्स्वा ओबेन याने १७६० मध्ये ते आरंभले. पण १७६३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्याच कार्यशाळेतील झाँ-हेन्री रीझेनर याने १७६९ मध्ये ते पूर्ण केले. दोघेही मूळचे जर्मन भूमीतले. या मेजाचे झाकण गोलाकार सरकते आणि एकाच किल्लीने संपूर्ण मेज बंद होते. राजाचे कागद कोणाच्याही दृष्टीस पडू नयेत, पण सेवकांना दौती मात्र भरता याव्यात, म्हणून दौतींचे कप्पे बाहेरून उघडण्याची सोय केलेली होती. रीझेनरने आपले नाव व वर्ष लाकडाच्या जडावातच कोरले.

वीस वर्षांनी, १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजवाड्यातील सामान लिलावात निघाले. १७९४ मध्ये या मेजावरील राजचिन्हे काढून टाकण्याचे काम आले, ते रीझेनरकडेच! ज्या हातांनी ती बसवली होती, त्याच हातांना ती उखडावी लागली. लिलावातून आपल्याच काही वस्तू त्याने पुन्हा विकता येतील या आशेने विकत घेतल्या. परंतु लोकांची अभिरुची पालटली होती. गिऱ्हाईक मिळाले नाही. १८०६ मध्ये, वैभवाचे दिवस सरल्यावर, त्याचे निधन झाले. राजा गेला, राजचिन्हेही गेली. पण कारागिराचे नाव मेजावर राहिले. ते मेज आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे.

हीच गरज भारतातही निर्माण झाली. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, जिंकले. तहानंतर १७४९ मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हिशेब आणि पत्रे लिहिण्यासाठी मेजे हवी होती. पुढे मद्रास इलाख्याचा भाग बनलेल्या विशाखापट्टणमच्या सुतारांनी युरोपीय घाट उचलला; कला मात्र आपली ठेवली. शिसवी किंवा आबनुसी लाकडात ते हस्तिदंत जडवीत, त्यावर बारीक रेघा कोरीत आणि त्या रेघांत काळी लाख भरीत. त्यांच्या वस्तू आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळतात. त्यांच्याखाली गावाचे नाव असते. घडवणाऱ्याचे क्वचितच आढळते.

१८५० मध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी मद्रासमध्ये कलाशाळा सुरू केली. आजचे शासकीय ललितकला महाविद्यालय हा तिचाच वारसा. कारागिराची विद्या घराण्याबाहेर पडून शाळेत येण्याची ती एक सुरुवात होती. आपल्या देवळांचे खांब, वाड्यांच्या तुळया आणि आजोबांच्या लिखाणाच्या पेट्या यांवर कोणाचे हात फिरले, हे मात्र अजूनही आपण फारसे विचारत नाही.

शब्दार्थ
आबनूस – काळे, कठीण व जड लाकूड
सरस – लाकूड चिकटवण्याचा चिकट पदार्थ
इलाखा – ब्रिटिश काळातील प्रांत

पाठगत प्रश्न
१. मेन्युझिए आणि एबेनिस्त यांच्या कामात कोणता फरक होता?
२. सुतारसंघाच्या मुद्रेमुळे कोणत्या दोन गोष्टी साध्य होत?
३. ‘राजा गेला, पण कारागिराचे नाव राहिले’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.

उपक्रम
तुमच्या परिसरातील एखादी जुनी लाकडी वस्तू पाहा. ती कोणी घडवली, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून दहा ओळी लिहा.