तीन कोर्स पुरतात, पण कोणाला?

प्रश्न : मुलगी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत नववीत आहे. तिला इंजिनिअरिंगला जायचंय. आपल्याकडे अकरावीला एकदा सायन्स घेतलं, की प्रश्न मिटायचा. इथे दर वर्षी विषय निवडायचे. कोणते घ्यावेत? – एक आई

उत्तर : आधी किमान अट पाहू. एनसी स्टेट, चॅपल हिल अशा नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी विद्यापीठांना विज्ञानाचे 3 कोर्स लागतात. त्यांत एक जीवशास्त्राचा, एक केमिस्ट्री-फिजिक्ससारखा भौतिक विज्ञानाचा आणि किमान एक प्रयोगशाळेचा हवा. शाळेच्या डिप्लोमालाही 3 कोर्स लागतात. मात्र त्यात बायोलॉजी आणि पर्यावरणाचा कोर्स सक्तीचा आहे.

गोम इथेच आहे. हे दोन्ही घेतल्यावर तिसऱ्या जागेत केमिस्ट्री किंवा फिजिक्स, एकच बसतं. इंजिनिअरिंगसाठी दोन्ही हवेत, म्हणून किमान 4 कोर्स धरूनच चाला. नववीत बायोलॉजी, दहावीत केमिस्ट्री, अकरावीत फिजिक्स हा सरळ क्रम. बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, एन्व्हायर्न्मेंटल सायन्स घेतलं, तर पर्यावरणाची अटही पूर्ण होते. एपी फिजिक्स सी घ्यायचं असेल, तर ते मात्र कॅल्क्युलसशिवाय झेपत नाही. त्यामुळे गणिताची गाडी मागे पडू देऊ नका.

वेटेड जीपीएत, म्हणजे कोर्सच्या काठिण्यानुसार काढलेल्या गुणांच्या सरासरीत, ऑनर्स कोर्सला अर्धा आणि एपीला एक गुण जादा मिळतो. पण तेवढ्यासाठी एपींचा ढीग लावायचं कारण नाही. झेपेल तेवढंच घ्या आणि विषयनोंदणीपूर्वी शाळेच्या काउन्सेलरसमोर चार वर्षांचा आराखडा ठेवा. त्या भेटीत बोलू द्या मुलीलाच!