तलाठी झालेल्या भाचीला

अगं, ऑर्डर हातात पडली, सज्जा मिळाला, पेढेही खाऊन झाले. नेमणुकीच्या पत्रावर आता 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त लिहितात, पण गाव तुला तलाठीच म्हणणार. पहिल्याच आठवड्यात तुझ्या दारात येऊन बसतील त्या संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांच्या म्हाताऱ्या, 'निराधारचा पगार' कधी सुरू होणार विचारत. सातबारा नि फेरफार तुला प्रशिक्षणात शिकवतील. या अर्जांची चौकशी कशी करायची ते कुणी शिकवत नाही. तुझ्या आत्याची सगळी नोकरी तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेली, म्हणून हे कानात सांगते. सल्ला फुकटचा आहे, पण टाकून देऊ नकोस.

१. अर्ज उघडताना समोरची बाई खरं बोलतेय असंच धरून चाल – लबाडाचे कागद बहुधा चोख असतात. गोंधळ असतो तो खऱ्या गरिबाच्या कागदांत.

२. आधी नाव जुळव. आधारवर 'सुमन', रेशनकार्डावर 'सुमनबाई' आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव दिसलं तर अर्ज परत करू नकोस, ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र घे – नाव बदललं सासरच्यांनी, हेलपाटे तिने का घालायचे?

३. त्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक आणायला पाठवू नकोस – सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, आणि पाचशेचा कागद म्हणजे तिच्या महिन्याच्या पंधराशेतला तिसरा हिस्सा.

४. जन्मतारीख १ जानेवारी दिसली की जरा थांब – ज्यांना तारीख सांगता आली नाही, त्या सगळ्यांना आधारच्या यंत्राने १ जानेवारीलाच जन्माला घातलंय. श्रावणबाळला ६५ पूर्ण लागतात. शाळेचा दाखला शोध, तो नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला आणायला सांग. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सांगितलंय.

५. उत्पन्नाचा रकाना सगळ्यात अवघड, म्हणून इथे जरा बस. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, असा संजय गांधीचा सर्वसाधारण नियम. म्हणजे महिन्याला १७५०. आता हिशोब कर: रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी आपल्याकडे रोज ३१२ रुपये ठरली. त्या दराने ६८ दिवस माती उपसली की बाई 'श्रीमंत' झाली! म्हणून गावोगावच्या अर्जांवर तुला २० हजार, नाहीतर बरोबर २१ हजार लिहिलेले दिसतील. मर्यादा फार तोकडी आहे, ती वाढायलाच हवी, हे माझं मत मी कार्यालयातही बोलून दाखवायची. पण मर्यादा बदलणं तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे तो पंचनामा.

६. म्हणून 'उत्पन्न किती?' असं विचारूच नकोस, 'गेल्या महिन्यात किती दिवस कामाला गेलीस, कुणाच्या रानात?' असं विचार – आकडा पढवून पाठवता येतो, दिवस पढवता येत नाहीत. सांगितलेलं जसंच्या तसं लिही, आठ-अचा उतारा सोबत लाव.

७. घरी जाच. आणि घरी गेलीस तरी ओट्यावर बसून चहा पिऊन परत फिरू नकोस, स्वयंपाकघरापर्यंत जा – उंबऱ्याबाहेर ऐकलं ते गावाचं, उंबऱ्याआत पाहिलं ते खरं. 'मुलगा वेगळा राहतो' असं सांगतात, तेव्हा रेशनकार्ड वेगळं आहे एवढ्यावर जाऊ नकोस. चुली किती आहेत, म्हातारीची भाकरी कोण थापतं, औषधाच्या गोळ्या कोण आणतं ते बघ.

८. म्हातारीशी एकटीशी बोल, मुलाला काहीतरी काम सांगून बाहेर पाठव – पोरगा बघत नाही, हे कुठलीच आई पोरासमोर बोलणार नाही. सून समोर असेल तर विचारायलाच नको.

९. दाराला कुलूप दिसलं म्हणून 'गावात राहत नाही' असा शेरा मारू नकोस – दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसं हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. १५ वर्षांच्या रहिवासाची अट आहे, बारा महिने दारात उभं राहण्याची नाही.

१०. टाकलेल्या बाईची चौकशी पारावर करू नकोस, आणि एड्सग्रस्ताच्या फाइलवर आजाराचं नाव ठळक लिहू नकोस – अनुदान महिन्याला मिळेल, पण चर्चा रोज होईल. शेजारची एखादी जाणती बाई गाठ. आशाताई असेल तर उत्तम.

११. विधवेकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नसेल तर आधी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत स्वतः डोकाव – नोंद २१ दिवसांत करायची असते, ती पुष्कळदा झालेली असते, फक्त नावात चूक असते. नोंदच नसेल तर तिला उशिराच्या नोंदीचा रस्ता नीट समजावून सांग, नुसतं 'दाखला आण' म्हणू नकोस.

१२. 'मयत' हा शेरा कोतवालाच्या तोंडी सांगण्यावर कधीही मारू नकोस – एकाच गावात दोन चंद्रभागाबाई असतात आणि पगार नेमका जिवंत असलेलीचा बंद होतो. मग ती बिचारी 'मी जिवंत आहे' असा अर्ज घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढते. हयातीचा दाखला दर वर्षी लागतो, याची आठवणही आधीच दे.

१३. पासबुक बघून निश्चिंत होऊ नकोस, आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचार – पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात, आणि ते शेवटी जोडलेलं खातं असतं. नातवाने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं असेल, तर म्हातारी जुन्या बँकेच्या रांगेत 'पैसे आले नाहीत' म्हणत राहते आणि तिकडे रक्कम साठत जाते.

१४. जन्मभर विड्या वळल्या, विटा उचलल्या त्यांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत – दुसरं बोट, मग डोळे, मग चेहरा असं करून बघ. ठसा आला नाही म्हणजे माणूस खोटा ठरत नाही.

१५. दिव्यांगाच्या दाखल्यावर टक्के बघतेस तशी मुदतही बघ – ४० टक्के असूनही दाखला तात्पुरता असेल, तर तारीख उलटताच प्रकरण अडकतं.

१६. लाडकी बहीण आणि निराधार, दोन्हींत एकच नाव सापडलं तर आवाज चढवू नकोस – मोबाइलवर फॉर्म भरला दुसऱ्याच कुणीतरी, तिने फक्त अंगठा टेकवला. २०२५ च्या ई-केवायसीत पतीचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं, तेव्हा दोघेही गेलेल्या बायका कशा अडकल्या ते तू पाहिलंसच. यंत्राला विधवा कळत नाही, तुला कळते.

१७. त्रुटी एकाच वेळी सांग, कागदावर लिहून दे, खाली तारीख घाल – आज रहिवास, उद्या फोटो, परवा झेरॉक्स असं केलंस की एसटीच्या तिकिटातच तिचा धीर संपतो आणि ती एजंटाच्या हाती लागते. 'एका हेलपाट्याचा अधिकारी, दहा हेलपाट्यांचा दलाल' – ही म्हण माझीच, पण वापर हो!

१८. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीच्या बैठकीच्या आधल्या रात्री फोन येतील. गोड बोल, ऐकून घे, आणि पंचनाम्यातला शब्द बदलू नकोस – सही घाईची, चौकशी वर्षाची.

१९. वाया गेलेल्या आधारच्या झेरॉक्स रद्दीत टाकू नकोस, फाडून टाक – बसस्टँडवर भजी बांधून मिळालेल्या कागदावर मी कुणाचा तरी पूर्ण आधार क्रमांक वाचलाय. भजी मात्र चांगली होती.

२०. शासन निर्णय स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा – २०२३ मध्ये हजाराचे पंधराशे झाले, २०२५ मध्ये दिव्यांगांचे अडीच हजार झाले, आणि मला निवृत्त होऊन बराच काळ लोटलाय. आधी वाच, मग अडलं तर फोन कर. दुपारी दोन ते चार सोडून.